शनिवारची बारी

परवा आईकडे सांडोरला गेले, तर तळं पार तळाला टेकलेलं. एप्रिल लागला की ते असं खाली जातंच, त्यात नवल नाही. आमच्या फुलपाड्याच्या इमारतीत या दिवसांत टँकरची वाट बघत आम्ही जिन्यात बादल्या मांडून बसतो, त्यामुळे पाणी कमी झालंय हे मला कुणी वेगळं सांगायला नको. पण तळ्याशी रिक्षातून उतरले आणि नाकात तो वास शिरला. उन्हात भाजलेल्या चिखलाचा, वाळक्या शेवाळाचा, आणि कोमट पाण्यात मासळी दाटीवाटीने राहायला लागली की येतो तो जरासा आंबूस दर्प. वासावरून माणसांना काहीतरी गोड आठवतं म्हणतात. मला खजील व्हायला झालं. इतक्या वर्षांनंतरही उतरलेलं पाणी दिसलं की माझी मान आपसूक खाली जाते, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, पोटात आनंदाची एक उकळीही फुटते. लाज वाटते ती त्या उकळीचीच.

आमच्या तळ्यावर सात वाड्या भिजायच्या. पावसाळ्यानंतर पाणी मुबलक असे तोवर ज्याला हवं तेव्हा त्याने मोटर लावावी, कुणी कुणाला विचारत नसे. पाणी उतरायला लागलं की मात्र एका रविवारी मिस्सानंतर चर्चबाहेर घरोघरची माणसं जमत आणि बारी ठरे. बारी म्हणजे पाण्याचा वार. ज्याचा वार त्याची मोटर, बाकीच्यांनी त्या दिवशी हात बांधून बसायचं. मोटर लावायची ती पहाट फुटताना, ऊन चढायच्या आत. आमचा वार शनिवार. आमच्याकडे बांधावरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली आहेत, पण बारी कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या वाडीत आईची राजेळी होती. राजेळी ही केळीतली हट्टी बाई. वर्ष उलटून जाईस्तोवर तिची सेवा करावी तेव्हा कुठे केळ्यांचं लोंगर धरते, आणि एवढं करून पाण्याला जरा कमी पडलं तर रुसून बसते. बाकीच्यांनी तिचा नाद केव्हाच सोडून भाजी, नाहीतर दुसऱ्या जातीची केळी लावली होती. आई मात्र माहेरून आणलेले मुनवे, केळीच्या बुडाशी फुटणारे ते कोंब, जिवापाड जपून होती. राजेळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात वाळत घालायची, दिवसभर कावळ्यांना हाकलायचं, संध्याकाळी आत घ्यायची, असं करता करता मधासारख्या रंगाची सुकेळी तयार व्हायची. मग वाळक्या केळीच्या पानात घट्ट बांधलेल्या त्या पुड्या नात्यागोत्यात जायच्या. आईच्या सुकेळीला सगळ्या गावात नाव होतं. ती स्वतः कधी आपली बढाई मारायची नाही, पण कुणी दुसऱ्याच्या सुकेळीची तारीफ केली की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आणि घरात पपा होते. म्हणजे वर्षातले काही महिने होते. ते जहाजावर फिटर. नाताळ उलटला की कधीतरी यायचे आणि जून तोंडावर आला की एजंटचा फोन यायचा. पाऊस आणि पपांचं बोलावणं आमच्याकडे हातात हात घालूनच आलं. घरी असले तरी ते घरात नसत. इकडे मित्र, तिकडे कुणाचं लग्न, कुणाची बिघडलेली मोटर, सायकलला टांग मारली की संध्याकाळ. आई म्हणायची, "तुजा बाप जहाजावरून उतरतो, पन त्याचे पाय अजून जहाजावरच हायत."

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतेय त्या वर्षी, नव्वदीतली ती मधली वर्षं, पपांनी येताना कापडी पिशवीत गुंडाळलेली एक लांब काठी आणली. जहाजावरचा एक गोरा इंजिनियर निवृत्त होताना त्यांना देऊन गेला होता. काठी मासे धरायची, पण आपल्याकडची नव्हे. आपल्या गळाला गांडूळ लावतात, वजन बांधतात आणि पाण्यात सोडून विडी ओढत बसतात. या काठीत सगळं उलटं. गळाला पिसाची एक नकली माशी, तिला वजन म्हणून काही नाही. वजन असतं दोरीत. ती जाडसर दोरी आधी हवेत मागे फेकायची, ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत दम धरायचा, मग पुढे ढकलायची. नीट साधलं तर दोरी पाण्यावर लांब जाऊन पसरते आणि शेवटी ती माशी अगदी खऱ्या किड्यासारखी टपकते. पपांना ते नीट साधायला बरेच दिवस लागले. तोवर ती माशी शेवग्याच्या झाडात, वाळत घातलेल्या चादरीत आणि एकदा आईच्या अंबाड्यात अडकली.

गावात अर्थात बोभाटा झाला. "पास्कू पाण्याला चाबूक मारतो," असं लोक म्हणायला लागले. पपांना त्याचं काही नव्हतं. नाताळात कापलेल्या कोंबड्याच्या मानेची पिसं आईने उशीत भरायला ठेवली होती, ती त्यांनी लांबवली. आईच्या शिवणयंत्राचा दोरा, माझ्या नेलपॉलिशची बाटली, सगळं बिस्किटाच्या एका डब्यात जमा झालं. जन्मात कधी एका जागी दहा मिनिटं न बसलेला हा माणूस खिडकीशी पाठीत वाकून दुपारभर माश्या बांधत बसे, आणि एक मनासारखी झाली की कुणाला तरी दाखवायला हाका मारत असे. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहायची. तिचं ते बघणं त्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं, अर्थ कळला नव्हता.

आता यात पाण्याच्या उतरण्याचा संबंध काय, तर भरल्या तळ्याच्या काठाला दोरी मागे फेकायला जागाच नसते. केळी, अळू, आघाडा, सगळं पाण्याला येऊन भिडलेलं. पाणी उतरलं की सभोवार सुकलेल्या, भेगाळलेल्या चिखलाची एक रुंद पट्टी उघडी पडते. तिच्यावर उभं राहिलं की पुढे पाणी, मागे मोकळं आकाश. शिवाय कोमट पाण्यातले मासे दुपारी कुठेतरी खोल मलूल होऊन पडतात, खायला वर येतात ते भल्या पहाटे. म्हणजे मासे धरायची वेळ आणि मोटर लावायची वेळ एकच. मोटर सुरू झाली की तळं हादरतं, पाणी गढूळ होतं, मासे जातात तळाला. पपा आठवडाभर पहाटे काठी घेऊन जात आणि कुणाच्या ना कुणाच्या मोटरीपुढे हात टेकून परत येत. तळं शांत मिळेल असा आठवड्यात एकच वार होता, आमचा स्वतःचा. तोही आईने मोटर लावली नाही तर.

राखेच्या बुधवारी आमच्याकडे जेवताना प्रत्येकाने सांगायचं असतं, या उपवासकाळात मी काय सोडणार. मटण तर सगळेच सोडतात, त्यात कसलं पुण्य. पपा म्हणाले, "मी दारू सोडली." ते घरी फारशी पीतच नव्हते, त्यामुळे आम्ही हसलो. मी चहातली साखर सोडली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी काय सोडलं ते मी आनि माजा देव बघून घेऊ."

पुढच्या शनिवारी जाग आली ती शांततेने. मोटरीचा आवाज नव्हता. पपा मागल्या दारी उभे होते, काठी भिंतीला टेकवलेली, डोळ्यांत आशा आणि चेहऱ्यावर ती लपवायची धडपड.

"मोटर बिघडली काय?" त्यांनी विचारलं.

"मोटरला काय धाड भरलीय?" आई चुलीपुढून म्हणाली. "बारी सोडलीय मी. उपवासकाळात सोडायचं असतं ना कायतरी. जा तू, काय तो चाबूक मारायचाय तो मार."

"आनि केळी?"

"केळी काय मरत नाय एका बारीने."

पपांनी माझ्याकडे बघितलं. मी चप्पल शोधायला धावले होते.

त्या शनिवारांसारखं सुख मी त्यानंतर फार वेळा भोगलेलं नाही. अजून उजाडायचं असे. चिखलाच्या पट्टीवर अनवाणी चालताना भेगांच्या कडा तळव्यांना टोचत. पाणी इतकं कोमट, की घोट्यापर्यंत उतरलं तर कुणी आंघोळीला काढून ठेवल्यासारखं वाटे. मग कुठेतरी 'टप्' असा आवाज होई, एक वर्तुळ उमटे, आणि पपा कुजबुजत, "तिकडे." दोरी मागे जाई, क्षणभर आकाशात थांबे, पुढे जाई. चिलापी हावरट, ती लगेच यायची. मरळ मात्र मानी. ती माशीच्या मागे मागे येऊन बघायची आणि तोंड फिरवून जायची, आणि पपा स्वतःशीच हसत म्हणायचे, "तुज्या आईसारखी हाय." धरलेले मासे आम्ही घरी आणत असू. उपवासकाळात मासळी चालते, त्यामुळे आमच्या भोगाला धर्माचाही आशीर्वाद होता. आई त्या माशांचं चिंचेचं कालवण करायची आणि आम्ही दोघं बोटं चाटत शनिवारची पहाट तिला पुन्हा पुन्हा ऐकवायचो. पपा हातवारे करून सांगायचे, आई वाढता वाढता ऐकायची, हसायची. तिच्या पानात बहुतेक वेळा शेपटीचा तुकडा असायचा. हे मला आत्ता लिहितानाच आठवलं.

मी तिथे काय करायची? माझं काम मागे बघायचं. दोरी मागे यायची तेव्हा तिथे बकरी, झाड, माणूस काही येत नाही ना, ते पपांना सांगायचं. पपा पाण्याकडे तोंड करून उभे, मी त्यांच्या पाठीला पाठ लावून वाडीकडे तोंड करून. "मागे मोकळं हाय, मार," असं मी ओरडायची. म्हणजे त्या सगळ्या शनिवारी पपांच्या डोळ्यांसमोर पाणी होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची राजेळी. तिची पानं आधी कडेने करपली. मग पिवळी पडून खांबाला चिकटून लोंबायला लागली. लोंगरं धरलेली होती, पण केळ्यांत गर भरत नव्हता, ती बोटांसारखी बारीकच राहिली. एका शनिवारी बघते तर एक केळ मानेतून मोडून लोंगरासकट खाली पडलेली. पपांनी विचारलं, "मागे काय हाय?" मी म्हटलं, "काय नाय. मार तू."

हे काही कुमसाराला सांगण्यासारखं पाप नव्हतं. सांगणार काय होते मी फादरना? आईने आपण होऊन दिलं आणि आम्ही घेतलं? चोरी नाही, खोटेपणा म्हणावा तर तोही धड नाही. दहा आज्ञांत कुठे बसत नाही असं हे ओझं आहे, म्हणूनच कदाचित ते कुठे उतरवताही येत नाही. उपवासकाळ संपला, ईस्टर झाला, सगळ्यांनी सोडलेलं पुन्हा धरलं. मी साखरेचा चहा प्यायले. पुढच्या शनिवारी आता मोटर लागणार म्हणून मी अंथरुणात श्वास रोखून पडले होते. नाही लागली. आई चुलीपाशी बसून होती. त्या वेळी आम्हा दोघांपैकी कुणीतरी एकाने नुसतं विचारायला हवं होतं, की अगं, आता का नाही लावलीस? आम्ही काठी उचलली आणि गेलो.

शेजारच्या वाडीचे बस्त्यावकाका मात्र विचारायला आले. त्यांची तोंडली आणि वांगी होती, आणि त्यांचा वार मंगळवार, तो त्यांना पुरत नव्हता. ओटीच्या पायरीशी उभे राहून आईला नावाने हाक मारून म्हणाले, "नाताल, तू बारीला मोटर लावत नाय. मग मना लावू दे शनिवारी. माजी वांगी सुकली पार."

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "बारी माजी हाय ना?"

"हाय."

"मग मी लावीन, नायतर नाय लावनार."

काका पायरीपासूनच मागे फिरले. आमच्याकडे असं कुणी कुणाला बोलत नाही, आणि आई तर नाहीच नाही. तिने शेजाऱ्यांना ताक दिलं, मुनवे दिले, बाळंतिणींना रात्र-रात्र सोबत दिली. पाणी मागायला आलेल्या माणसाला तिने हात हलवत परत पाठवलं, कारण काय, तर शनिवारी तळं शांत राहायला हवं होतं. मी आतून ऐकत होते. मला आधी वाटलं काय, तर सुटलो. माझ्या मनाचा पहिला शब्द तो होता. दुसरा शब्द जरा बरा होता, पण तो नंतर आला.

मे महिन्यात तळ्याचं डबकं झालं. मध्यभागी खोलगट होतं तेवढंच पाणी. सगळ्या तळ्यातली एक मोठी मरळ तिथे आहे हे पपांना ठाऊक होतं. तिच्यासाठी त्यांनी खास माशी बांधली होती, बेडकाच्या पिल्लासारखी. त्या शनिवारी आई चहाची किटली घेऊन काठावर आली, नवऱ्याचा पराक्रम बघायला म्हणून, पहिल्यांदाच. आणि नेमकं तेव्हाच पाण्यावर एक लाल डाग दिसला. कुणी मूठभर तिखट पाण्यावर टाकावं तसा, पण हलणारा. ती मरळीची पिल्लं. मरळ आपल्या पिल्लांना सोडून जात नाही, त्यांच्या खाली पहारा देत राहते, आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडते. भुकेने नव्हे, रागाने. हे प्रत्येक मासे धरणाऱ्याला माहीत असतं. अशी मरळ म्हणजे हमखास.

पपांनी दोरी फेकली. माशी त्या लाल डागाच्या कडेला टपकली आणि पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली, पपा ओरडले, मीही ओरडले. ती हाताएवढी लांब, काळपट, अंगाने जाड. तिला ओढत ओढत त्यांनी चिखलावर आणली. ती तडफडत होती, पण तिचं तोंड पाण्याच्या दिशेलाच वळत होतं. पपा विजयी चेहऱ्याने आईकडे वळले.

आई मरळीकडे बघतच नव्हती. ती पाण्याकडे बोट करून म्हणाली, "तिकडे बघ काय चाललंय."

लाल डाग फुटला होता. चिलाप्या चारही बाजूंनी येऊन वर मुसंडी मारत होत्या. बांबूवरचा खंड्या दोनदा सूर मारून गेला. पपांनी मरळीच्या तोंडातला गळ काढला. त्यांनी तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तिच्या अंगात जोर येईपर्यंत, मग सोडलं. ती गेली. त्या लाल ठिपक्यांपैकी किती उरले होते कोण जाणे. पपा गुडघाभर पाण्यातून वळले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी वाडीकडे तोंड केलं होतं. समोर राजेळी होती, निम्मी मोडून पडलेली, उरलेलीची पानं करपून गेलेली.

"नाताल," ते म्हणाले, "हे कधी झालं?"

आईने किटली चिखलावर ठेवली. "थंड होईल, पिऊन घे," म्हणाली आणि घराकडे गेली. मग पपांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. राग आला असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. ते नुसतं बघत राहिले, माझं काम मागे बघायचं होतं हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी उठून पपांनीच मोटर लावली. पाटातून गढूळ पाणी राजेळीच्या बुडाशी आलं. ते फावडं घेऊन आळी नीट करत राहिले, मोडलेली लोंगरं उचलून उचलून एका कडेला ठेवत राहिले. आई ओटीवरून म्हणाली, "आता कशाला? ती गेली." ते ऐकत नव्हते. थोड्या वेळाने मोटर नुसती हवा ओढायला लागली, तेव्हा आईनेच जाऊन बटण दाबलं. काठी कापडी पिशवीत परत गेली होती. मग जून आला, पाऊस लांबला, आणि तो आला तसा एजंटचा फोनही आला. पपांना सोडायला आम्ही निघालो तेव्हा राजेळीच्या जागी नुसते काळे खुंट भिजत होते. मुनवे फुटले असते, राजेळी इतकी सहज मरत नाही, पण आईने ते जपले नाहीत. त्या जागेवर तिने भेंडी लावली. त्यानंतर सुकेळी आमच्या घरी झाली नाही, आणि पपांची सुट्टीही पुन्हा कधी तशी उन्हाळ्यात जमली नाही. ते यायचे तेव्हा तळं भरलेलं असायचं. आता तेही जाऊन काही वर्षं झाली.

मी लग्न होऊन फुलपाड्याला आले, शाळेत शिकवते, टँकरच्या पाण्यावर जगते. हे टँकर सांडोरसारख्या गावांतल्या विहिरींवरच भरतात हे मला माहीत आहे, तरी बादली घेऊन मी रांगेत पहिली असते. सवय झाली आहे. कुणाच्या तरी वाडीला पाठ करून उभं राहायची सवय म्हणा.

तर परवा. आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मीही बसले. समोर उतरलेलं तळं दिसत होतं. आईचं वय झालंय, ती मधेच गप्प होते, मधेच बोलते.

"तुज्या बापाला असं पानी आवडायचं," ती म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं. मला विषय नको होता.

"त्या वर्षी पाऊस लांबला. आठवतं? आपल्या ओटीवर तेर्स झाला होता पावसासाठी."

आठवत होतं. जून निम्मा होत आला तरी ढग नव्हते, तेव्हा सगळ्या वाड्यांची माणसं आमच्या ओटीवर संध्याकाळी जमली होती, गुडघे टेकून, जपमाळ घेऊन. बस्त्यावकाकासुद्धा आले होते. आई पुढे बसून नमो मारिया सुरू करत होती आणि बाकीचे उत्तरार्ध म्हणत होते. मी शेवटी, दाराला टेकून. ओठ हलवत होते, पण पाऊस मागत नव्हते. पाऊस आला की पपा जाणार. मी मनात म्हणत होते, नको, अजून नको. सगळ्या गावाची तोंडली, वांगी, विहिरी एका बाजूला आणि माझा हट्ट एका बाजूला. पाऊस उशिरा आला, बस्त्यावकाकांची भाजी वाळून गेली, आणि तो उशीर मी माझ्या खाती लिहून घेतला होता.

आईने शेंग फोडली. "बाय, मी नव्हता मागितला पाऊस."

मी हातातली शेंग ठेवून तिच्याकडे वळले.

"पुढे बसून मोठ्याने म्हनत होते. पन मनात एकच, अजून एक शनिवार दे, काठी नसली तरी चालेल. मोडू दे उरलेली केळी, राजेळी काय, परत लावता येते. तो मानूस त्या वर्षी पहिल्यांदा घरी आल्यासारखा घरी होता. खिडकीत बसून पिसं बांधायचा, मी हाक मारली की ओ द्यायचा. मना अजून हवा होता तो." ती हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. "बस्त्यावला पानी नाय दिलं मी. त्याची वांगी माज्या डोळ्यांदेखत सुकली. फादरला सांगितलं मी ते नंतर. मग काय, जन्मभर त्याला वानोळा देत राहिले. तो मेला तरी फिटलं नाय."

"आई," मी म्हटलं, "मीपण नव्हता मागितला."

"ठाव हाय मना. मागे वळून बघितलं होतं मी. तुजे ओठ चुकीचे हलत होते."

मी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. मला रडू येत होतं आणि हसूही. इतकी वर्षं मी समजत होते की आईने दिलं आणि आम्ही ओरबाडलं. तीही आमच्याइतकीच हावरट निघाली होती. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आता त्या ओटीवरची सगळी माणसं डोळ्यांसमोर आली, गुडघे दुखत असताना टेकून बसलेली, आम्हा मायलेकींच्या भरवशावर.

"म्हणजे आपल्या घरातून पाऊस मागितला कुणीच नाही," मी म्हटलं.

"असं कसं? तुज्या बापाने मागितला."

"पपांनी? ते तेर्सला कायम डुलक्या काढायचे."

"त्या दिवशी नाय काढली. माज्या बाजूला गुडघ्यावर बसला होता, घसा फोडून म्हनत होता. त्याला ठाव होतं की पाऊस आला की त्याला जायचंय. तरी मागत होता, माज्या केळींसाठी. मी कोपराने ढोसलं त्याला, हळू म्हन म्हनून." आईने सोललेले दाणे ताटात टाकले आणि तळ्याकडे बघितलं. "त्याने माजं नाय ऐकलं. आनि देवाने त्याचंच ऐकलं."